थीमसोबत गेलेला फोटो

माझी आई मागच्या वर्षी दिवाळीच्या पुढच्या आठवड्यात गंगाखेडला घरीच वारली. निधनाच्या बातमीसाठी तिचा फोटो हवा होता. घरात एकही नव्हता.

पूर्वी चांगला फोटो होता तो एकच, माझ्या धाकट्या भावाने काढलेला. दारात बसून आई तूर निवडते आहे आणि कुणाच्या तरी बोलण्यावर हसते आहे. भाऊ वेबसाइटच्या थीम बनवून विकतो. थीम म्हणजे वेबसाइटचा तयार सांगाडा: रंग, अक्षरं, पानांची मांडणी. नमुन्याच्या पानावर एखादा चेहरा लागतो, तिथे त्याने आईचा फोटो घातला. मग नेहमीप्रमाणे सगळी थीम ओपन सोर्स परवान्याखाली विक्रीला ठेवली. हा परवाना असला की घेणारा थीम वापरू शकतो, बदलू शकतो, स्वतः विकूही शकतो. फोटो त्यातून वगळायचं भावाच्या लक्षात आलं नाही.

पुढे ही थीम घेतलेल्या परदेशातल्या एका दातांच्या दवाखान्याच्या वेबसाइटवर आई दिसली. समाधानी रुग्ण म्हणून. भावाने मोबाइल तिच्यापुढे धरला.

"अगं माय! दाताचा दवाखाना, अन् माझे तं पुढचेच दोन पडलेत," असं म्हणून ती लय हसली. शेजारणींना बोलावून तिने तो दाखवला.

नंतर तोच फोटो पुण्याकडच्या एका वृद्धाश्रमाच्या वेबसाइटवर लागला. राणीसावरगावहून मावशीचा फोन आला. "पोरांनी आश्रमात टाकलं का गं तुला? मला तरी सांगायचं."

त्या दिवशी आई जेवली नाही.

"काढ तो तिथून," ती भावाला म्हणाली.

"माय, आश्रमवाल्याला विनंती करतो. पण परवाना दिलाय. दिलेला माघारी घेता येत न्हाई."

"तुझ्या कामाचा दे की परवाना. तोंड माझं हाय. मला इचारलं का?"

आश्रमाने वेबसाइटवरून फोटो काढून टाकला. भावाने थीमच्या नव्या आवृत्तीतून तो वगळला. "तुझ्याजवळचा बी पूस," आई म्हणाली. मोबाइलमधला आणि कॉम्प्युटरमधला फोटो त्याने तिच्यासमोर पुसला. त्यानंतर कुणी मोबाइल वर धरला की ती पदर तोंडावर घ्यायची.

ती गेल्यावर आम्ही आधार कार्ड काढून पाहिलं. त्यावरून ती ओळखू येत नव्हती. दवाखान्याच्या पानावरचा फोटो लहान होता, कडेने कापलेला. भाऊ बराच वेळ शोधत बसला. एका अनोळखी विक्रेत्याने जुनी थीम नाव आणि रंग बदलून विकायला ठेवली होती. भावाने ती घेऊन उघडली. आत परवान्याचा मजकूर भावाच्या नावासकट तसाच होता. शेजारी 'माय' नावाची फाइल होती.

बातमी त्याच फोटोसह छापून आली. वृद्धाश्रमाच्या पानावर आई नाही. दातांच्या दवाखान्याच्या पानावर ती आज सकाळी होती.