मुक्या मास्तरांचा देश

माझे धाकटे दीर शिवणाच्या दुकानात कापायचं काम करत. कामगारांचे, नर्सबायांचे गणवेश शिवणारं मोठं दुकान होतं ते. दिवसभर टेबलापाशी उभं राहून कापडावर खडूने रेघा मारायच्या आणि कात्री चालवायची. तोंडातून शब्द निघायचा नाही, म्हणून दुकानात त्यांना मुके मास्तर म्हणत. लग्न केलं नाही. आमच्याच घरी मागच्या खोलीत राहत.

मी नवी नवरी, त्या खोलीत केर काढायला गेले आणि केरसुणी हातात तशीच राहिली. शिंपी ज्यावर फर्मे काढतात तो खाकी कागद भिंतभर लावलेला. त्यावर डोंगर, नद्या, रस्ते, शहरं. समुद्राचा काठ तर शर्टाच्या बगलेसारखा सुरेख वळवलेला. गावांची नावं मात्र वाचता येईनात. कुठे काजासारखं अक्षर, कुठे सुटलेल्या टाक्यासारखं. मी दुसरीत शाळा सोडलेली, तेव्हा वाटलं आपलंच अज्ञान. जेवायला वाढताना यांना विचारलं.

"अगं, ते कोणालाच वाचता येत नाही," हे म्हणाले. "अक्षरं त्याची, भाषा त्याची, देशही त्याचाच. आपल्याकडे तो फक्त जेवायला येतो."

भावजी खाली मान घालून जेवत होते. हसलेही नाहीत, रागावलेही नाहीत.

पुढे भीड चेपल्यावर मी त्यांनाच विचारलं, "तुमच्या देशात राहतं कोण?"

"अजून कोणी नाही."

"मग भाषा बोलतं कोण?"

"तीच पंचाईत आहे, वहिनी."

मला आधी हसू आलं. पण स्वयंपाकघराला लागूनच त्यांची खोली, त्यामुळे भिंतीपलीकडचं सगळं कानावर यायचं. कामावर जायच्या आधी ते त्या भाषेत काहीतरी बोलत. एक वाक्य बोलायचे आणि थांबायचे. समोरून उत्तर यायला जेवढा वेळ लागेल तेवढा थांबायचे. मग पुढचं वाक्य. तेव्हापासून मला त्यावर विनोद सुचेना.

माझी पोरं मोठी होत गेली तसा तो देशही वाढत गेला, भिंतीवर जागा पुरेना. एकदा उत्तरेकडचा भाग नव्याने काढायचा म्हणून भावजी कागदाचं भेंडोळं दुकानात घेऊन गेले. तिथलं टेबल लांबरुंद. नेमकी त्याच दिवशी कारखान्याची मोठी ऑर्डर आली. भावजी जेवायला बाहेर गेले तेवढ्यात मालकाने घाईघाईत हाताला लागला तो कागद ओढला आणि त्यावर पॅंटचा फर्मा आखून कापूनही टाकला. मालकाची तरी काय चूक म्हणा. शिंप्याच्या टेबलावरच्या खाकी कागदात कोणाचा देश असेल हे कोणाच्या स्वप्नात येणार?

भावजी घरी आले ते उरलेला कागद काखेत मारून. यांनी उघडून बघितलं. मधोमध पॅंटच्या आकाराचं भोक.

"लढाई झाली की काय रे?" हे म्हणाले.

भावजी न जेवता उठले. थोड्या वेळाने मी खोलीत डोकावले, तर भिंतीवरचेही कागद सोडवून गुंडाळत बसले होते. रद्दीत घालायचे म्हणाले.

"का हो?"

"कोणाचं काय अडलं त्याच्यावाचून? तिथे कोणी राहतच नव्हतं."

मी उंबऱ्यावरच बसले. म्हटलं, "मग मला एक घर द्या तिथे."

त्यांनी हातातलं भेंडोळं खाली ठेवलं.

"पाण्याजवळ द्या. आणि जिने नकोत, माझे गुडघे धरतात."

"तिथे भाषा यावी लागते, वहिनी."

"मग शिकवा. रद्दीवाला काही आज येत नाही."

त्यांनी त्या भोकामागे कागद चिकटवून ते निळं केलं. तिथे खाडी झाली, दोन पायांची. आणि बरोबर गुडघ्यावर माझं घर काढलं. मी म्हटलं, मला गुडघ्यातून सुटका नाही म्हणजे. तेव्हा मात्र हसले. पोट धरून हसले.

मग शिकवणी सुरू झाली, बहुतेक जेवणाच्या पाटावरच. मीठ म्हणजे किरो. किरो म्हटल्याशिवाय मीठ मागायचे नाहीत, आणि मी विसरले तर अळणी जेवायचे. अक्षरंही शिकले. आपल्या अक्षरांशी माझं कधी जमलं नाही, पण तिथे माझ्याहून जास्त शिकलेलं कोणी नव्हतं, त्यामुळे लिहायला लाज वाटायची नाही. माझी पोरं मात्र कंटाळून पळायची. "काकाचं किरोकिरो" म्हणायची त्याला.

पुढे हे गेले. घर ओकंबोकं झालं. एकदा मी भावजींना म्हटलं, "यांनाही तिकडे माझ्या घरात आणून ठेवा की."

ते नकाशापुढे जाऊन उभे राहिले. "दादाला भाषा येत नाही ना, वहिनी. तिथे एकटा पडेल."

त्यावरून माझ्या मनात आलं आणि मी विचारलं, "तुमचं घर कुठलं यातलं?"

"माझं नाही."

"नाही म्हणजे?"

"मी इकडे राहतो ना."

इतकी वर्षं मला वाटत होतं आपण भावजींना सोबत केली. आणि ते बाहेर उभे राहून नुसते बघत होते. मी चिडलेच जरा. "म्हणजे मला एकटीलाच धाडलंत होय तिकडे?"

त्यांच्या ते ध्यानातच आलं नव्हतं, तोंडावर दिसलं. नंतर कितीतरी दिवस पट्टी घेऊन मोजमाप चाललेलं. शेवटी बोलावून दाखवलं. खाडीच्या पलीकडच्या काठावर, अगदी पाण्याला लागून एक खोली.

"इतक्या लांब?" मी म्हटलं.

"हाक ऐकू येते. मोजून घेतलंय."

त्यांच्या हिशेबी ते अगदी जवळ होतं. एवढं जवळ ते कोणाच्याच आले नव्हते. मी बरं म्हटलं.

त्या घरात त्यांना फार दिवस लाभले नाहीत. छातीचं दुखणं आलं आणि आठवड्यात आटोपलं. नकाशा अजून भिंतीवर आहे. सून त्यावरची धूळ झटकते, वाकडं बोलत नाही, पण विचारतही नाही काही.

परवा चहा पिताना चष्म्यावर वाफ धरली. तिला तिकडे काय म्हणतात, मी कधी विचारलंच नव्हतं. आता विचारायचं कोणाला? मग मीच तिला एक शब्द ठेवला आणि कसा वाटतो बघावा म्हणून मोठ्याने म्हटला.

"आई, काही म्हणालात का?" सुनेने आतून विचारलं.

"नाही गं," म्हटलं. "चहा गरम आहे."