आईच्या पेटीतली खणाची कुंची

गेल्या रविवारी माझ्या हातून घरात असं काही झालं की त्या धक्क्यातून मी अजून बाहेर आलेले नाही. चार दिवस लिहू की नको असं चाललं होतं. आज आईलाच विचारलं, तर म्हणाली, "लिही की." म्हणून लिहितेय...

माझी लेक पुढच्या महिन्यात हॉस्टेलला जाणार. तिला आजीच्या हातची गोधडी हवी होती. पण आईचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डोळ्याला अजिबात ताण द्यायचा नाही. मग ठरलं, आई सांगणार आणि मी शिवणार. मी चाकणला एका कंपनीत स्टोअरला आहे, शर्टाच्या बटणापलीकडे आयुष्यात काही शिवलेलं नाही!

दिघीतल्या टेलरकडून चिंध्यांची पिशवी भरून आणली. लेकीचे जुने फ्रॉक, बाबांचा कंपनीतला खाकी शर्ट, माझ्या ओढण्या... हॉलमध्ये आईची सुती साडी अंथरली आणि वर तुकडे मांडत गेले. आई काळा चष्मा लावून पलंगावरून सूचना देत होती. "आधी कडेनं टाके घाल, मग आत ये." सांगता सांगता तिचा डोळा लागला.

मधोमध एखादा उठून दिसणारा तुकडा हवा होता. म्हणून मी आईची पत्र्याची पेटी उघडली. तळाशी एका फडक्यात बांधलेली छोटीशी कुंची सापडली... बाळाच्या डोक्यावर घालून पाठीवर सोडतात ना, ती. हिरवा खण, लाल काठ, आतून मऊ अस्तर.

मी घरातली थोरली, माझ्यामागे एक भाऊ. म्हणजे कुंची माझीच असणार! लेकीच्या गोधडीत तिच्या आईची कुंची, या कल्पनेनंच मी खूश झाले. कात्री घेतली आणि तिचे चार चौकोन कापले. आईला उठवून विचारावं हे मनातसुद्धा आलं नाही.

आई उठल्यावर मी तिला हाताला धरून गोधडीपाशी बसवलं. नीट दिसत नव्हतं, म्हणून ती एकेक तुकडा बोटांनी चाचपत होती आणि कोणता कशाचा ते ओळखत होती. मध्यावर आल्यावर तिनं तो काठ दोनदा चाचपला.

"हे कुठून आणलंस?"

"तुझ्या पेटीतून. माझी कुंची ना गं ही?"

"न्हाई... तुझी न्हाई ती. तुझ्या बहिणीची हाय."

मला वाटलं, झोपेत बोलतेय. मला बहीण नाही! मी तसं म्हणाले, तर आई शांतपणे म्हणाली, "होती. तुझ्या आधी."

आईबाबा लग्नानंतर बीडकडून इकडे आले. कासारवाडीत भाड्याची एक खोली होती. तिथं त्यांना पहिली मुलगी झाली. बारसं झालं, नाव ठेवलं शारदा. आईनं आपल्या लग्नातल्या चोळीच्या उरलेल्या खणातून तिला कुंची शिवली... साडेतीन महिन्यांची असताना ताप आला. दोन दिवस दवाखान्यात होती. तिसऱ्या दिवशी गेली.

दीड वर्षानं मी झाले. मोठ्या बायकांनी आईला बजावलं, गेलेलीचं नाव काढायचं नाही, नव्या बाळाला लागतं. आईनं ते पाळलं. माझ्यासाठी... एक्केचाळीस वर्षं!

शारदाचा एकही फोटो नाही. होती ती ही कुंची. आणि ती मी कापली होती.

तेवढ्यात बाबा भाजी घेऊन आले. मांडलेले तुकडे बघून जागीच थांबले. आता ओरडतील असं वाटलं. पण ते पिशवी ठेवून जमिनीवर बसले आणि म्हणाले, "डाव्या बाजूला जावळ जास्त होतं तिला." बस, एवढंच. माझा वाढदिवस दरवर्षी विसरणारे आमचे बाबा...

मी रडत म्हणाले, "आई, मी परत जोडते. होती तशी करून देते."

"कशाला?" आई म्हणाली. "पेटीत ठेवून तरी काय केलं मी? घडी मोडायची, वास घ्यायचा, परत बांधून ठेवायची. आता लेकराच्या अंगावर राहील." मग हात पुढं केला. "सुई ओवून दे."

डॉक्टरांचं सांगणं आम्हाला आठवत होतं, पण अडवायची हिंमत कोणाची होणार? मी सुई ओवून देत राहिले. आईनं डोळे मिटून, निव्वळ बोटांच्या अंदाजानं ते चारही तुकडे स्वतः शिवले. बाबा शेजारी बसून कापड ताणून धरत होते. मधेच एकदा म्हणाले, "सावकाश."

बाकीची गोधडी मीच पुरी करतेय. टाके वाकडेतिकडे पडतायत, पण आईनं अजून एकही उसवायला लावलेला नाही.

काल वरच्या मजल्यावरच्या नवीन वहिनी गोधडी बघायला आल्या होत्या. गप्पांत त्यांनी आईला सहज विचारलं, "काकू, तुम्हाला मुलं किती?" मी चहा गाळत होते.

"तीन," आई म्हणाली. "दोन पोरी, एक पोरगा."

गाळणी हातात तशीच राहिली माझ्या. आजवर किती जणांनी हा प्रश्न विचारला असेल आणि दर वेळी "दोन" म्हणताना तिच्या पोटात काय तुटत असेल... आणि मी तिच्या शेजारीच तर असायचे!

आई, तू सांगितलंस, खूप बरं केलंस. मी एक्केचाळीस वर्षांची आहे आणि रविवारपासून मला एक ताई आहे. तिचं नाव शारदा.