नजर पेंटरची, फळी चष्मेवाल्याची

आमच्या भावजींना अख्खी गल्ली पेंटर म्हणते. दुकानांच्या पाट्या रंगवतात. माझ्या नवऱ्याचे धाकटे भाऊ. लग्न केलं नाही, आमच्याकडेच असतात आणि फावल्या वेळात मला छळतात. "वहिनी, तुमचा चहा बघितला की ब्रश धुवायची आठवण होते." अशा माणसाला मी रोज चहा देते, हा माझा मोठेपणा.

घरात शुगर दोघांना, त्यांना आणि मला. गोळ्या एकाच डबीतल्या. फरक एवढाच, की मी पथ्य पाळते आणि ते गोड खाताना पकडले गेले की म्हणतात, "चव बघत होतो." दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई दर खेपेला आम्हा दोघांना बजावायच्या, "शुगर आहे, वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घ्या." भावजी मान डोलवायचे आणि तडक कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याकडे जायचे. खुर्चीत बसून समोरच्या फळीवरची अक्षरं घडाघडा वाचली, की झाली तपासणी! वर घरी येऊन ऐट, "वहिनी, शेवटची ओळसुद्धा! एवढी बारीक!"

आता ती फळी रंगवली कोणी? भावजींनीच! चष्मेवाल्याने छापील तक्ता आणायच्या ऐवजी ह्यांच्याकडून रंगवून घेतली होती. अक्षर न् अक्षर पाठ. गंमत म्हणजे आपण लबाडी करतोय हे ह्यांच्या गावीही नव्हतं. आपल्याला दिसतंय म्हणूनच वाचता येतंय, असं त्यांना अगदी मनापासून वाटायचं.

मला संशय आला तो लाँड्रीच्या पाटीवरून. दोरी न मारता सरळ शिरोरेषा ओढणारा पेंटर म्हणून भावजींची ख्याती. आणि लाँड्रीच्या पाटीवर ती शेवटाकडे चांगली चार बोटं खाली उतरलेली! लाँड्रीवाला भिडस्त, मान वाकडी करून बघत उभा होता. भावजी म्हणाले, शिडी डुगडुगत होती. मग म्हणाले, ब्रश खराब. मग त्या बिचाऱ्याची भिंतच वाकडी निघाली. मी काही बोलले नाही. मी बोलत नाही तेव्हा आमच्या घरात सगळे घाबरतात, आणि घाबरायलाच हवं.

दुसऱ्या दिवशी मी चष्मेवाल्याला गाठलं. म्हटलं, "एवढं एक काम करा. ते दुसरा डोळा झाकतील, तेवढ्यात फळी उलटी फिरवा." तो खुशीत तयार झाला. पेंटरने त्यालाही कमी छळलं नव्हतं.

संध्याकाळी भावजी ऐटीत खुर्चीत बसले. उजव्या डोळ्याने झकास वाचलं. मग उजवा डोळा तळहाताने गच्च झाकला. चष्मेवाल्याने हळूच फळी फिरवली. मागच्या बाजूला नुसता पांढरा रंग. मी ओठ दाबून धरले.

भावजींनी घसा खाकरला आणि सुरू केलं. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. एक अक्षर चुकेल तर शपथ! शेवटच्या ओळीला जरा थांबले, डोळा बारीक केला आणि म्हणाले, "हा ठ बघा, काय वळलाय!" चष्मेवाला तोंडावर हात धरून खिदळायला लागला. मीही हसले. आणि हसता हसता एकदम थांबले. अहो, हा माणूस कोरी फळी वाचत होता, आणि ती कोरी आहे हे त्याला दिसत नव्हतं!

"भावजी, हात काढा."

त्यांनी हात काढला. फळीकडे बघितलं. पुन्हा डोळा झाकला, पुन्हा उघडला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चेष्टा चांगली होती, वहिनी." पण आवाज नेहमीचा नव्हता.

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या, आतल्या पडद्याचे फोटो काढले. तिथे पाठांतर चालत नाही. डॉक्टर म्हणाल्या, "डाव्या पडद्यावर रक्त उतरलंय. इंजेक्शनं देऊ, पण गेलेली नजर सगळी परत येईल असं सांगत नाही."

"आणि उजवा?" भावजींनी विचारलं. आता ब्रश धरायचा तर त्याच डोळ्याच्या भरवशावर.

"तिथेही सुरुवात झालीय. तुम्हाला स्वच्छ दिसतंय, पण मागच्या शिरा गळायला लागल्यात. लेसर करून तो राखता येईल. दिसेनासं व्हायची वाट बघत बसला असतात, तर अवघड होतं."

मी तोंड सोडलंच. "ऐकायचं नाही कुणाचं! शुगर काय, डोळे काय, सगळ्याची थट्टा!"  भावजी सरळ डॉक्टरांनाच म्हणाले, "ह्यांनाही शुगर आहे. माझ्याच डबीतली गोळी घेतात. सुईत दोरा ओवता येतो म्हणून पडदा एकदाही दाखवला नाही."

असा संताप आला म्हणून सांगू! "मला व्यवस्थित दिसतं," मी ठणकावलं. आणि जीभ चावली. डॉक्टरांनी नुसतं नर्सकडे बघितलं.

नर्सने माझ्या डोळ्यांत घातलेले थेंब भलतेच झोंबले. फोटोसाठी बोलावणं यायचं होतं. बाहेरच्या बाकावर मी भावजींच्या शेजारी डोळे मिचकावत बसले. समोरच्या भिंतीवर कसलीशी पाटी होती, मला नुसता निळा डाग दिसत होता.  घाबरलेय हे कळू नये म्हणून मी त्यांना डिवचलं, "काय हो पेंटर, समोर काय लिहिलंय?"

एरवी त्यांनी काहीतरी ठोकून दिलं असतं. आज पुढे वाकून, डोळे बारीक करून बघितलं.

"ही पाटी माझ्या हातची नाही, वहिनी," म्हणाले. "मला दिसत नाही."