सातव्या क्रमांकाचा अल्बम

दरवर्षी डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी, दुपारी चार वाजता, आम्ही आठ-दहा जण सदाशिव पेठेत एका मित्राच्या फ्लॅटवर जमतो. वर्षभरात आलेल्या अल्बमांपैकी आपले आवडते दहा प्रत्येकाने कागदावर छापून आणायचे, सगळ्यांना वाटायचे, आणि कोणी काहीही विचारलं तरी उत्तर द्यायचं. नियम एकच. यादीतला प्रत्येक अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत निदान तीनदा ऐकलेला हवा. हा नियम मीच केला. मागे एकाने अर्धवट ऐकलेला अल्बम यादीत घातला, तेव्हा मी त्याला सगळ्यांसमोर म्हणालो होतो, "अहो, नुसता वास घेऊन जेवलो म्हणून सांगू नका." लोक खो खो हसले. त्या हसण्याची मला चटक लागली होती, दुसरं काय!

हडपसरला आमच्या ऑफिसात माझ्या पलीकडच्या टेबलावर एक मुलगी बसते. मुलगी म्हणजे तिशीची, खडकीहून येते. गेल्या मार्चमध्ये एके दिवशी डबा खाताना ती म्हणाली, "सर, आमचा अल्बम आलाय. सहा गाणी. शब्द, चाली, सगळं बाबांचं."

तिचे वडील दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. विहारातल्या कार्यक्रमांत स्वतःची गाणी स्वतःच गायचे. दोन वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं आणि गाणं बंद पडलं. हिने मागे लागून लागून त्यांना पुन्हा पेटीवर बसवलं होतं.

"घरचे सगळे छानच म्हणतात हो," ती म्हणाली. "बाबांना ते नकोय. ते म्हणतात, बाहेरच्या एका जाणकार माणसाने नीट ऐकून खरं काय ते सांगू दे. नाही आवडलं तर नाही म्हणा, सर. पुढची गाणी करायची की पेटी बांधून ठेवायची, ते त्यावर ठरवणार आहेत."

जाणकार माणूस म्हणजे मी. छाती फुगली. "ऐकतो की," म्हणालो.

संध्याकाळी बसमध्ये तिची लिंक आली, ती लगेच उघडली. पहिल्या गाण्याचं पहिलं मिनिट ऐकलं, तेवढ्यात कोणाचा तरी फोन आला. फोन संपल्यावर तिला "सुरेख! बाबांना सांगा" असं लिहिलं आणि मोकळा झालो. अल्बम अठ्ठावीस मिनिटांचा होता. माझं उत्तर चार मिनिटांत गेलं होतं. ते तिच्या लक्षात आलं असेल का, हे आजही विचारायची हिंमत नाही.

पुढे काही महिने ती अधूनमधून माझ्याकडे बघायची, आणि मी "हो हो, निवांत बोलू" म्हणून फाईल पुढे ओढायचो. ऐकायला काय धाड भरली होती मला? काही नाही. त्याच काळात परदेशातल्या कुठल्या कुठल्या बँडचे अल्बम मी चार-चारदा ऐकत होतो.

डिसेंबरात यादी करताना मन खायला लागलं. तेव्हाही ऐकला नाही तो नाहीच. सातव्या क्रमांकावर टाकून दिला. सातवी जागा सुरक्षित असते. पहिल्या तिघांवरून भांडणं होतात, दहाव्यावर विनोद होतात, सातव्याबद्दल कोणी विचारत नाही. पुढे लिहिलं, "मातीतला, सच्चा सूर." हे वाक्य कशालाही चालतं. कागद तिला दाखवला तेव्हा ती इतकी हरखली, की रविवारी वडिलांनाच घेऊन आली.

इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्याला मफलर. दोन जिने चढून दमले होते. दाराजवळच्या खुर्चीवर बसले. माझी पाळी आली, मी सातवं नाव वाचलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. मग ते फाटक्या, कुजबुजत्या आवाजात म्हणाले, "चौथं कसं वाटलं आपल्याला?"

"चौथं ना? वा!" मी म्हणालो. "चौथ्यात गळा इतका मोकळा लागलाय, की दुसऱ्यांदा ऐकताना डोळ्यांत पाणी आलं." दुसऱ्यांदा म्हणे!

"मग लावूच की," यजमान म्हणाले आणि त्यांनी लावलं.

पेटी सुरू झाली. मी गाणाऱ्याची वाट बघत राहिलो. एक मिनिट गेलं, दोन गेली. पेटी ओळीपुढे थांबायची, श्वास घेतल्यासारखी, आणि मग ती ओळ बोटंच वाजवायची. गाणं संपलं. त्यात गळा नव्हताच. बाकीची पाच मुलीने गायली होती, हे एक त्यांनी स्वतःसाठी ठेवलं होतं, आणि गाता येत नव्हतं म्हणून नुसतं वाजवलं होतं.

ज्याला मी वास घेण्यावरून बोललो होतो, तो समोरच बसला होता. त्याने माझ्या यादीवरची सातवी ओळ बोटाने शोधली. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. वडील सतरंजीकडे बघत होते, जणू चूक त्यांचीच. माझी यादी त्यांनी घडी करून खिशात ठेवली, "आभारी आहे" म्हणाले, आणि चहा येण्याआधी दोघं निघून गेली. शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

घरी येताच तो अल्बम ऐकला. आठवडाभर रोज ऐकला. मग दोन पानं लिहिली, यावेळी खरी. तिसऱ्या गाण्याची लय पळते. पाचव्यात शब्द जास्त झालेत. सहावं अप्रतिम आहे. चौथ्याबद्दल एवढंच लिहिलं, की मी खोटं बोललो, माफ करा.

पुढच्या रविवारी सकाळी ती पानं घेऊन खडकीला गेलो. मुलीने दार उघडलं, "बसा सर" म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली. पेटी कपाटावर होती, चादरीत गाठ मारून बांधलेली. वडिलांनी चष्मा लावला आणि दोन्ही पानं सावकाश, एकेक ओळ वाचली. तिसऱ्या गाण्याच्या लयीपाशी त्यांनी मान हलवली. ते बरोबर होतं बहुतेक.

मग पानं माझ्या हातात परत दिली.

"हे खरं असेलही," ते म्हणाले. "पण आता मला कसं कळणार?"

मी चहा संपवला आणि निघालो.