दोन गाठींची सुतळी

"इसके पैर देखो, पूरा पापड!"

कोच हे म्हणाला तेव्हा मी मोजे काढून तळव्यांचा ठसा दाखवणाऱ्या काचेच्या मशीनवर उभी होते. मीरा रोडचं बुटांचं मोठं दुकान. मागे आमच्या कॉम्प्लेक्सच्या रनिंग ग्रुपमधल्या आठ जणी. स्क्रीनवर माझे तळवे उमटले होते. बाकीच्यांच्या तळव्यांना मधे खोलगट कमान. माझे सपाट. पंजाशी पसरलेले. सगळे लाल.

"मच्छीवाली के पैर हैं. यहीं के गाँव की है क्या तू?"

आठही जणी हसल्या.

मी म्हणाले, "नो, नो. वी आर फ्रॉम दादर."

बाबा दादरचे, ते खरं. आई इथल्याच मोरवा गावची. लग्नाआधी आजोबांबरोबर मिठागरात अनवाणी उभी राहायची. तिला मी एका वाक्यात पुसून टाकलं.

सेल्समनने हळू आवाजात विचारलं, "मॅडम, वाइड दिखाऊँ? जेंट्स में मिलेगा."

जेंट्स ऐकून पुन्हा हशा. मी गुलाबी, निमुळते बूट घातले. करंगळी शेजारच्या बोटावर चढली.

"परफेक्ट," मी म्हणाले.

तीन आठवडे त्याच बुटांत धावले. अंगठ्याचं नख आधी जांभळं झालं, मग काळं. घरातही मोजे घालून वावरायला लागले. एक दिवस आंघोळ करून बाहेर आले, आणि आई लादीवरचे माझे ओले ठसे बघत उभी. एक ठसा पूर्ण, एक अर्धाच.

"लंगडतेस का गं?"

तिने मला खुर्चीत बसवलं. पाय मांडीवर घेतला. नखाला हात लावला नाही.

"पाय चांगला हाय गं. बूट खोटा हाय."

मग आत जाऊन सुतळी घेऊन आली. ती सुतळी मी लगेच ओळखली.

शाळेत असताना माझे बूट आई एकटीच आणायची. मी तिच्याबरोबर जायचे नाही. दुकानात ती हाय, न्हाय बोलणार, आणि वर्गातलं कोणी ऐकणार. कारण मी कधी सांगितलं नाही. तिने कधी विचारलं नाही. ती सुतळीने माप घ्यायची. टाचेपासून अंगठ्यापर्यंत एक गाठ. पंजाभोवती वेढा घेऊन दुसरी. त्या दोन गाठी मुठीत धरून ती भाईंदरच्या बाजारात जायची. दहा वर्षांत मला एकदाही बूट चावला नाही.

आताही तिने दोन गाठी मारल्या आणि सुतळी माझ्या हातात दिली.

"तू पण चल ना," मी म्हणाले.

"मी कशाला? तुझ्या मैत्रिनी असतील."

ती सहज म्हणाली. रागाने नाही. कोच एकदा बोलला होता. मी तिला वर्षानुवर्षं न बोलता तेच सांगत आले होते. तिला पाठ झालं होतं.

मी तिला त्याच दुकानात ओढूनच नेलं. संध्याकाळी, कारण तेव्हा पाय सुजलेला असतो, माप खरं मिळतं, हेही तिनेच सांगितलं. सेल्समन जेंट्सचे रुंद बूट घेऊन आला. आईने आत हात घालून पंजाची जागा चाचपली, सुतळी लावून बघितली. "ह्यो घे." शेजारी बूट बघणाऱ्या बाई वळून बघत होत्या. माझे कान तापले. मी तिथून हलले नाही. एवढंच जमलं.

रविवारी गेटपाशी कोचची नजर खाली गेली.

"जेंट्स के जूते? अरे, लड़की है ना तू?"

त्या ग्रुपमध्ये मी कधी मराठी बोलले नव्हते.

"हे पाय माझ्या आईचे आहेत. ती मोरव्याची. मिठागरात काम केलंय तिने. त्या दिवशी मी खोटं बोलले."

आवाज फाटला. कोणी सॉरी म्हणालं नाही. एकीने मोबाइल काढला. कोचने खांदे उडवले, शिट्टी वाजवली. सगळ्या निघाल्या. मी शेवटी होते.

ते नख पुढे गळून पडलं. नवीन अजून आलेलं नाही. कोच अजून हसतो. त्याचं हसणं थांबवणं माझ्या हातात नाही.

पण दादरच्या मागे मी आता लपणार नाही. आणि आईला घरी ठेवून कुठल्याही दुकानात जाणार नाही.