मागची खिडकी अन् धुरीचा धूर

परवा सकाळी आमच्या खोलीत धूर कोंडला, अन् कोंडला तेच बरं झालं...

मी दुसरीपर्यंतच शिकलेली. फोनमध्ये बोलते, तोच लिहून घेतो.

लेक बाळंतपणाला आलीय. नात झाली... नाक माझं घेतलंय, लेक मात्र कबूल करत नाही. पण आमचं घर निमुळतं, लांबच लांब, दोन्ही अंगांना भावकीच्या भिंती. पुढच्या खिडकीतला वारा पाहुण्यासारखा खिडकीपाशीच बसतो, आत येतच नाही. पंखा गरम हवाच फिरवतो.

नातीच्या मानेवर घामोळ्या उठल्या. लेक म्हणाली, "माय, मी पिंगळीला जाते. सासरचं घर हवेशीर हाय." बाळंतीण सव्वा महिन्याच्या आत गेली तर लोक बोलतीलच, ते राहू द्या... मला नात सोडवेना. लेकीनं पिशवी भरायलाही घेतली.

मागच्या भिंतीला एक खिडकी आहे, थोरल्या जाऊबाईंच्या अंगणात उघडणारी. नळावर आमचं वाजलं तेव्हापासून ती बंद. वरून मी गोधड्यांची चवड लावून ठेवलेली.

तर परवा नातीला न्हाऊ घातलं, ओवा-शेपाची धुरी दिली. धूर हलेचना. लेक डोळे पुसत म्हणाली, "वारा आत येईल कसा माय, त्याला निघायला वाट कुठाय?"

मी गोधड्या खाली ओढल्या. कडी गंजलेली, बत्त्यानं ठोकली... खिडकी उघडली अन् पुढून वारा असा आला की भिंतीवरचं कॅलेंडर फडफडलं. सगळा धूर सरळ मागं निघाला... नेमका जाऊबाईंच्या अंगणात. त्या पापड वाळू घालत होत्या. मी तोंड फिरवणार, तेवढ्यात आवाज आला.

"ओवा किती जाळायलीस गं? लेकराला धुरी द्यायलीस का भुईमूग भाजायलीस?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "मग तुमीच या की बाई."

आल्या. हात धुतले, नातीला मांडीवर घेतलं, धुरी कशी द्यायची ते मला शिकवलं... चार लेकरं वाढवलेल्या मला. मी निखाऱ्यावरचा ओवा कमी केला. लेक तिकडं पिशवीतले कपडे परत काढायला लागली.

आता दोन्ही खिडक्या उघड्याच असतात. नात दुपारभर झोपते. जाऊबाई अंगणातून विचारतात, झोपली का... अन् मी खिडकीशी जाऊन सांगते, हळू बोला बाई, आत्ताच डोळा लागलाय.