बाईंनी तासलेली काडी

मुलीनं मागच्या वर्षी मला टॅब घेऊन दिला, सोबत त्याचं पेन. बातम्या वर सरकवायच्या, कुणाचा फोटो उघडायचा, आवाज कमी करायचा, सगळं मी त्या पेनानंच करतो. काचेला बोट लावत नाही. मुलगी हसते. म्हणते, "अब्बा, हे चित्र काढाले असते. तुम्ही त्यानं नुसतं ठोकून राह्यले." मी म्हणतो, सवय आहे. सवय कुठं लागली ते तिनं विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी सांगितलं नसतं. आता लिहून टाकतो. लिहिताना निदान समोर कुणी बसलेलं नसतं.

वरोऱ्याला माझ्या अब्बांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, काचेचं एक टेबल आणि त्यामागे एक माणूस, डोळ्याला भिंग लावलेला. माझा हात त्याच टेबलावर तयार झाला. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यानं उचलायची आणि श्वास न सोडता जागेवर बसवायची. अब्बांना एका गोष्टीचा फार राग होता. गिऱ्हाईक यायचं, म्हणायचं, घड्याळ रोज दहा मिनिटं मागं पडते, म्हणून मी पुढंच लावून ठेवतो, काम भागते. अब्बा म्हणत, ह्याचं घड्याळ बिघडलं नाही, हा बिघडला. एक दिवस ते पंधरा मिनिटं मागं पडेल आणि ह्याची गाडी सुटेल.

मोबाइल आले तसं मनगटावरचं घड्याळ गेलं. दुकानात पट्टे आणि सेल बदलण्यापुरतं काम उरलं. अब्बांचे डोळेही गेले. घर माझ्यावर आलं आणि मी बी.ए. होऊन मिळेल ते कंत्राट करत फिरत होतो.

दोन हजारचं दशक संपत आलं तेव्हा वनहक्काचे दावे सुरू झाले. जंगलातली जमीन जे वर्षानुवर्षं कसत होते त्यांच्या नावावर ती होणार होती, पण त्यासाठी प्रत्येकाचं शेत मोजायचं होतं. मोजणीचं काम एका खाजगी संस्थेनं घेतलं आणि मी तिच्याकडे लागलो. गडचिरोलीला आम्हाला शिकवलं. तळहातावर मावेल एवढी एक मशीन, तिच्या पाठीत खोबण, खोबणीत काळी प्लास्टिकची काडी. स्टायलस म्हणायचं तिला, पण गावात गेलो आणि ती काडीच झाली. शिकवणाऱ्यानं काडीनं पडद्यावर एक फूल काढून दाखवलं आणि लगेच पुसलं. आम्हाला चित्र काढायचं नव्हतं. आम्हाला फक्त टोचायचं होतं. यादी उघडायची, टोचा. गावाचं नाव, टोचा. होय, नाही, पुढे, सगळं काडीच्या टोकानं. बोट लावायचं नाही, घामानं पडदा खराब होतो. माझा हात पाहून सर म्हणाले, घड्याळजीचा पोरगा दिसतो. मला बरं वाटलं. कित्येक दिवसांत कुणी माझ्याबद्दल चांगलं बोललं नव्हतं.

चामोर्शीच्या पलीकडे, जंगलात शिरल्यावर एक गाव होतं. नाव लिहीत नाही. तिथं पहिल्याच दिवशी नाला ओलांडताना माझी काडी पडली. गुडघाभर गढूळ पाणी, तळाला पाला. अर्धा तास हात घालून शोधली. सापडली नाही.

हे लहानसं वाटेल. पण हरवलं-मोडलं तर लिहून द्यावं लागे, आणि ज्या दोघांनी लिहून दिलं होतं त्यांची कंत्राटं पुढं वाढली नव्हती. महिनाअखेरीला माझं वाढायचं होतं. मी ठरवलं, सांगायचं नाही.

ज्यांच्या ओसरीत मी उतरलो होतो त्या बाई विधवा होत्या, पन्नाशीच्या. गोंड. दोन लेकी लग्न होऊन गेलेल्या. जंगलाला लागून असलेलं धानाचं एक शेत आणि बांबूचं काम, ह्यावर त्यांचं चाललेलं. त्या शेताचाच त्यांचा दावा होता, आणि मोजणीच्या यादीत त्यांचं नाव शेवटचं होतं. नाल्यावरून आलो त्या दुपारी मी आगपेटीच्या काडीनं पडदा टोचत बसलो होतो. काडी मोडे, दुसरी घेई. बाई सूप विणता विणता बघत होत्या.

"दात कोरता का जी त्याचे?" त्या म्हणाल्या.

मी हसलो नाही. मग त्यांनी खोबण बघायला मागितली, तीत आपली करंगळी घालून पाहिली, आणि ओल्या बांबूची एक कामटी काढली. सुरीनं तासली, दगडावर घासली, पुन्हा खोबणीत घालून पाहिली. टोक गोल केलं. मग ते टोक स्वतःच्या गालाला टेकवून ओढलं, बोचतं का बघायला. बोचलं नाही तेव्हा माझ्या हातात दिली. खोबणीत ती अशी बसली की जणू मशीनसोबतच आली. मी बुटाच्या पॉलिशनं ती काळी केली. बाईंनी विचारलं, ह्यानं लिहिता येते का? मी म्हटलं, नाही. "म्हणजे नुसतं टोचाचं?" नुसतं टोचायचं, म्हटलं. एवढ्यासाठी एवढी शिकलेली माणसं कायले लागते, असं काहीतरी त्या म्हणाल्या.

पुढचे चार दिवस मी त्या काडीनं गाव मोजलं. बांबूला प्लास्टिकपेक्षा जोर जास्त लागे, आणि मी लावला. तिसऱ्या दिवशी पडदा सरकला. म्हणजे मी टोचे एका ओळीवर आणि खूण पडे तिच्या खालच्या ओळीवर. ह्यावर इलाज होता. पडद्यावर पाच ठिकाणी फुलीवर टोचलं की मशीन पुन्हा जागेवर येई. पण तो भाग सरांच्या गुप्त आकड्यानं उघडे. मशीन ऑफिसात न्यावी लागली असती, काडी टेबलावर ठेवावी लागली असती.

मी काय केलं ते अब्बांना कळलं असतं तर त्यांनी माझं तोंड पाहिलं नसतं. मी वरती टोचायला लागलो. 'होय' हवं असेल तर 'होय'च्या वरच्या ओळीवर टोचायचं. घड्याळ दहा मिनिटं पुढं लावून ठेवायचं. काम भागत होतं. घड्याळजीच्या हाताला तेवढा अंदाज असतोच, असं मला वाटत होतं. खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटत होता.

पाचव्या दिवशी बाईंचं शेत. मशीन हातात धरून बांधाबांधानं फिरायचं, कोपरा आला की टोचायचं, की ती आपणच नकाशा काढे. बाई पुढं, अनवाणी. एका कोपऱ्यात मोहाचं झाड होतं, त्याच्या बुडाशी दोन-तीन दगड मांडलेले. तिथं बाई बांध सोडून आत वळल्या. मी म्हटलं, बाई, झाडापर्यंत तुमचंच आहे ना, तिकडून चला. त्या थांबल्या.

"ते देवाचं हाय. माह्या नावावर नोको."

मी समजावलं की कागदावर तेवढं जास्त मिळेल. नाही म्हणाल्या. आम्ही झाड सोडून वळलो. नकाशात तो कोपरा चावा घेतल्यासारखा दिसत होता.

मग मोहाच्याच सावलीत बसून मी बाकीचं भरलं. बाईंकडे कागद होता. त्यांच्या नवऱ्याला पूर्वी कधीतरी, अतिक्रमण केलं म्हणून, दंड झाला होता, त्याची पावती. बांबूच्या नळीत गुंडाळून जपलेली. ज्या पावतीनं तेव्हा घरात रडारड झाली तीच आता पुरावा होती, की हे शेत जुनं आहे. मी ती पाहिली, बरोबर होती. मशीनवर प्रश्न आला, ताबा केव्हापासून. खाली दोनच ओळी. वरची, ठरलेल्या तारखेआधीपासून. खालची, तारखेनंतर. आधीचा असेल तरच दावा उभा राहणार.

दुपारभर उन्हात धरून मशीन तापली होती. मी सवयीनं वरच्या ओळीच्याही वर, प्रश्नावर टोचलं. पडदा त्या दिवशी दोन ओळी सरकला होता. खूण 'नंतर'वर पडली. आणि माझा हात थांबला नाही, तो 'पुढे'च्या अंदाजानं आधीच खाली गेला होता. 'पुढे'चा चौकोन मोठा, तो लागलाच. पान उलटलं. एकदा उलटलं की ते सरांच्या आकड्याशिवाय उघडत नसे.

मी ती खूण पाहिली. हेच मला लिहायचं होतं. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की घाई होती, ऊन होतं, दिसलं नसेल. दिसलं होतं.

बाई म्हणाल्या, "बराबर झालं ना, भाऊ?"

"झालं, बाई," मी म्हटलं.

शनिवारी गडचिरोलीला मशीन सरांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती उलटी करून खोबण पाहिली, काळं टोक दिसलं, तार जोडली. काही अडचण, त्यांनी विचारलं. तेव्हा बोललो असतो तर एक आकडा दाबून ते पान उघडलं असतं. दोन मिनिटांचं काम. मी नाही म्हटलं. शेतं मोजणाऱ्यांत माझं काम सगळ्यात स्वच्छ, असं ते पुढं म्हणाले. महिनाअखेरीला कंत्राट वाढलं.

काही महिन्यांनी दुसऱ्या कामाला त्या गावात गेलो तर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर यादी लावलेली. बाईंचं नाव नामंजूरमध्ये. कारण, ताबा तारखेनंतरचा. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं की मुदतीत अपील करता येईल. मुदतीला अजून वेळ होता. बाईंना वाचता येत नव्हतं. मी त्यांच्या घराकडे गेलो. कवाड लोटलेलं होतं, शेजारीण म्हणाली, लेकीकडे गेल्या. मला सुटल्यासारखं वाटलं. निरोप ठेवता आला असता. पावती घेऊन अमुक ठिकाणी जा, एवढं एक वाक्य. शेजारणीनं विचारलंही, काही सांगाचं हाय का? मी म्हटलं, नाही, सहज आलो होतो.

त्यानंतर दीडेक वर्षानं बाई चामोर्शीच्या बाजारात दिसल्या. सुपं-टोपल्या मांडून बसल्या होत्या. मी वळून जाणार होतो, पण त्यांनीच हाक मारली. "काऊन भाऊ, वळख नाई का?"

बसलो. चहा मागवला. त्यांनी सांगितलं ते साध्या आवाजात सांगितलं. शेतात जंगलखात्यानं चर खणले, रोपं लावली. आता धान नाही, बांबूवरच भागवायचं, त्यालाही हल्ली लांब जावं लागतं. गावात लोक म्हणतात तुझा कागद काऊन नाही आला, तुझं तर सगळ्यात जुनं. कुणी म्हणतं तूच काहीतरी उलटं केलं. मग त्यांनी दोन सुपं उगाच इकडची तिकडं ठेवली.

"मी तो मोहाचा कोपरा सोडला, नाई का? तुमी तं म्हणत होते घ्या म्हणून. मशीनले नकाशा तुटका दिसला असन. म्हणून गेलं का जी?"

त्या माझ्याकडे बघत होत्या. तक्रार नव्हती. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि त्यांच्या ओळखीत विचारण्यासारखा शिकलेला माणूस मीच होतो.

मी म्हटलं, "असेल, बाई. तसंच असेल."

त्यांनी मान हलवली. "म्हणजे माहीच चूक," त्या म्हणाल्या. देवाला राग आला असेल असं त्यांना आधी वाटायचं, आता कळलं तसं नव्हतं, एवढं बोलून त्यांनी चहा संपवला. तोंडावर थोडी मोकळीकही दिसली, निदान कारण तरी मिळालं होतं. मी दिलेलं.

उठायला लागलो तर म्हणाल्या, थांबा. ती काडी आहे का अजून? मी आहे म्हटलं. नव्हती, काम संपलं तेव्हा मशीनसोबत पॉलिश लावलेली तीही जमा झाली होती, आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. "जुनी झाली असन," त्या म्हणाल्या. जुडीतली एक कामटी काढली, सुरीनं तासली, बसायच्या दगडावर घासली. टोक गालाला टेकवून पाहिलं. मग दिली. मी घेतली. नको म्हणायला हवं होतं, पण मी घेतली.

त्या गावाकडे मी पुन्हा गेलो नाही. अब्बा त्याच सुमारास गेले. त्यांनाही सांगितलं नव्हतं. बाई आता आहेत का, ठाऊक नाही. माहीत करून घेणं अवघड नाही. एक फोन लागेल. तो मी केलेला नाही, आणि हे लिहून झाल्यावर करीन असं आत्ता म्हणणं हा आणखी एक खोटेपणा होईल.

काडी माझ्या टेबलाच्या खणात आहे, अब्बांच्या चिमट्याशेजारी. मुलगी घरी नसताना एकदा टॅबवर लावून पाहिली. आताच्या काचेला बांबू कळत नाही. दोन-तीनदा टेकवली, जोर लावला, काही उमटलं नाही.